नाराज काका

आपला नवा विनोदी व्हिडिओ दाखवायला इरावतीने मोबाइल मंचावरच्या पडद्याला जोडला, आणि सांगलीच्या तीनशे प्रेक्षकांसमोर चुकून तिचं दुसरंच खातं उघडलं: नाराज काका.

तिच्या प्रत्येक विनोदाखाली ‘यापेक्षा आमचं वीजबिल विनोदी’ असलं काहीतरी लिहिणारे तेच काका.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. “मी कुंदा शेटे. तुझी बाजू घेऊन दोन वर्षं भांडतेय या काकांशी. किती पोळ्या करपल्यात गं तुझ्यापायी!”

ऑनलाइन इरावतीच्या बाजूने आजवर ही एकच बाई बोलली होती.

“काकू, पहिल्या व्हिडिओखाली कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मीच स्वतःला नावं ठेवली. मग तुम्ही धावून आलात. तुम्ही येत राहावं म्हणून काका चालू ठेवले.”

काकू खाली बसल्या. पर्समधून मोबाइल काढला. संपलं, असं इरावतीला वाटलं. तेवढ्यात टिंग वाजलं आणि पडद्यावर ओळ उमटली.

‘काका, आज तरी मान्य करा. पोरगी चांगली आहे.’

आता सगळे इरावतीच्या अंगठ्याकडे बघत होते. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

‘बरी आहे. साडी मात्र भडक.’

“भडक?” काकू ओरडल्या. “थांब मेल्या, येतेच तिकडे!”

आणि टाळ्यांच्या कडकडाटात, पदर खोचून, त्या खरंच मंचावर चढल्या.