प्लस फोर

"चड्डी काय म्हणतेस! प्लस फोर म्हणतात याला," रवींद्रकाका म्हणाले. "गुडघ्याखाली चार इंच कापड जास्त, म्हणून प्लस फोर. पूर्वी मोठे साहेब गोल्फला हेच घालायचे."

सुवर्णा त्यांच्या पायाशी कार्पेटवर बसून डाव्या पायाला टाचण्या लावत होती. उजवा पाय शिवून झाला होता. उद्या कंपनीची जुन्या थाटातली गोल्फ मॅच, आणि काका थेट व्हाइस प्रेसिडेंटचे पार्टनर. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांचे काका, ऑफिसात तिच्या नवऱ्याचे, केदारचे मॅनेजर. त्यांनीच केदारला पुण्याहून अमेरिकेत, ट्रॉयला आणलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पोत्यासारखी फुगलेली ती विजार, खाली चौकटींचे मोजे, वर सुटलेलं पोट. सुवर्णा हसू दाबत होती.

दार उघडलं. केदार खोका घेऊन आत आला. खोक्यात कॉफीचा मग, जॅकेट आणि त्याच्या डेस्कवरचा छोटा गणपती.

"अरे, आजच सांगितलं तुला?" काका दचकले. "मी एचआरला मंडे म्हटलं होतं!"

सुवर्णाचा हात थांबला. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे घर गुंडाळायचं. हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मंगळवारी माप द्यायला आलात, जेवून गेलात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"अगं, कुणाला काढायचं ती लिस्ट मलाच द्यायला लागली. म्हटलं, निदान वीकेंड तरी चांगला जाऊ दे तुमचा."

तिला शिसारी आली. काकांची, आणि "बसा ना काका, चहा घ्या" म्हणणाऱ्या स्वतःच्या नवऱ्याचीही.

काकांनी बाथरूममध्ये जाऊन जीन्स चढवली. विजारीची घडी घालून शिलाई मशीनवर ठेवली.

"डावा पाय तेवढा राहिलाय," दारातून ते हळूच म्हणाले. "सकाळी सातला येऊ न्यायला?"

ते जिना उतरून गेल्यावर तिने दोन बोटांनी विजार उचलली आणि बाल्कनीत गेली. खाली पार्किंगमध्ये मंडळातली दोन-तीन कुटुंबं गाडीतून ग्रोसरी काढत होती. काका त्यांच्याशी हसून बोलत उभे होते.

"रवींद्रकाका!" ती खणखणीत ओरडली. "तुमची चड्डी राहिली!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. विजार हवेत फुगली आणि काकांच्या गाडीच्या टपावर जाऊन पडली. डाव्या पायाच्या टाचण्या तशाच होत्या.