शेवटच्या घरापर्यंतचं तिकीट

वीजदराच्या सुनावणीला पोस्टमनबाई रजा टाकून आल्या होत्या. त्यांच्या डोंगरातल्या गावाला वीज शहराच्या तिप्पट दराने मिळणार होती. "तारा लांबवर ओढायच्या, घरं मोजकीच. खर्च कसा निघणार, बाई?" अध्यक्ष म्हणाले. बाईंनी पिशवीतून दरवाढीच्या नोटिशीचं पाकीट काढलं. "साहेब, हे तुमच्याच कार्यालयाचं. अशी पाकिटं मीच घाट चढून घरोघरी वाटली. यावर तिकीट केवढ्याचं लावलंत?" "शहरात लावतो तेवढंच." "मग पत्राला जमतं ते विजेला का जमत नाही? खरंच विचारतेय, मला कळत नाही." अध्यक्षांनी चष्मा काढला. "शहरातल्या पत्रांवर डोंगरातली पत्रं निभावतात. विजेचं तसं केलं, तर शहराचा दर वाढेल." शहरात दरवाढ नको म्हणायला आलेला एक बेकरीवाला उठला. "किती वाढेल, तेवढं सांगा." अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. तो हिशेब आजवर कुणी मांडलाच नव्हता.