पिंपळाची मुंज

गेल्या साली त्र्यंबकपंतांनी नव्या वाड्याच्या आड येतो म्हणून शेजारच्या मथुराबाईंचा आंबा तोडला. बाई पाया पडल्या, तर पंत हसले, "झाडासाठी कुणी रडतं का?"

आज पंतांनी आपल्या दारचा पिंपळ तोडायला घेतला. तो कोसळेपर्यंत मथुराबाई ओट्यावर गप्प बसून होत्या. मग पुढे झाल्या आणि काल पानांआडच्या फांदीवरून उतरवलेलं जानवं त्यांनी ओच्यातून काढलं.

"पंत, आपण वैशाखात साताऱ्याला होतात, तेव्हा आम्ही याची मुंज लावली. बाहेरगावचे आठ ब्राह्मण साक्षीला आहेत. मुंज झालेला पिंपळ म्हणजे ब्राह्मणच. आपण झाड नाही तोडलंत, ब्रह्महत्या केलीत."

पंत पांढरेफटक पडले. "अहो, आधी सांगायचं! कुऱ्हाड थांबवली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

कसबा पेठ जमली होती. उद्यापासून पंतांच्या घरचं पाणीही कुणी पिणार नव्हतं. मथुराबाईंचं काळीज वर्षानं थंड झालं. समाधानानं त्या वळल्या, तोच बुंध्यातून ओघळणारा पांढरा चीक त्यांच्या पायाला लागला.

याच बुंध्याशी बसून, मुंजीच्या दिवशी, पोटी मूल नसलेल्या मथुराबाईंनी आई म्हणून त्याला पहिला घास भरवला होता.