वरचा की खालचा?

लताबाईने पदराचं टोक डाव्या डोळ्यावर दाबून स्टोव्ह पेटवला. डोळा झाकला की स्टोव्ह एक दिसायचा. उघडला की दोन, एकावर एक.

सत्याहत्तर साल उजाडलं तेव्हापासून हे असंच. थायरॉईडने आधी डोळे बाहेर आले, मग नजर फाटली. नाशकातल्या द्वारका चौकाजवळचे डॉक्टर म्हणाले होते, "डोळ्यांचे स्नायू आखडलेत. गोळ्यांनी उतार पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

झुंबरला मात्र थट्टेला आयतंच निमित्त मिळालं. सुरगाण्याची फेरी करून जीप नाशिकला आणली की तो खाटेवर बसायचा आणि रोज तेच विचारायचा. "काय गं, कुठल्या नवऱ्याला चहा देतीस? वरच्या का खालच्या?"

"दोघं सारखेच आळशी. आधी उठंल त्याला," ती म्हणायची.

काल तो आलाच नाही. तिकडे धो धो पाऊस, पुलांवरून पाणी. सकाळी धाकटा दीर गोरक्ष शोधायला निघाला. "वहिनी, घोर नका लावून घेऊ. पाणी उतरायची वाट बघत पलीकडं थांबला असंल दादा."

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोटात अन्नाचा कण नाही. माणूस तेवढा घरी येऊ दे, मग जन्मभर थट्टा करू दे, असं तिला झालं होतं.

दिवेलागणीला वीज गेली. कंदील लावून ती वळली, तर झुंबर खाटेवर बसलेला.

"अगंबाई! कधी आलात? चाहूलसुद्धा लागली नाही."

"आत्ताच," तो म्हणाला.

डोळ्यावर दाबलेला पदर तिच्या हातातून सुटला. आधी रडू आलं, मग हसू. तो चिंब भिजला होता, डोक्यावर टोपीही नव्हती. तिने टॉवेल पुढे केला. त्याने घेतला नाही, तेव्हा तिने तो खाटेवर ठेवला.

"चहा टाकते. विचारा की आता, वरच्याला का खालच्याला?"

तो नुसता बघत राहिला. तीही त्याच्याकडे बघत राहिली, दोन्ही उघड्या डोळ्यांनी, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. एक कपाळ. एक मिशी. किती महिन्यांनी तो तिला असा धड दिसत होता!

"अहो, गोळ्या लागू पडल्या! तुम्ही मला एकच दिसताय!"

झुंबरने मान खाली घातली. लाजला असेल, असं तिला वाटलं.

अंगणात पावलं वाजली. "वहिनी..." गोरक्षने हाक मारली.

"या भाऊजी, या! उगाच हिंडलात. हे आलेत की घरी. आणि माझे डोळेपण बरे झाले बघा!" डोळे पुसत, हसतच ती दाराकडे वळली.

दारात एकावर एक दोन गोरक्ष उभे होते. दोघांच्याही हातात झुंबरची चिखलाने माखलेली टोपी होती.