अकरा सेकंद

"ही बटणं आहेत की दाराच्या कड्या?" टेस्टरने स्वतः बनवलेली स्क्रीन पाहून तिने विचारलं.

ती डिझायनर. टेस्टर प्रत्येक गोष्टीत चूक काढायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं खुसपट.

"कड्या तर कड्या, सापडतात तरी," खुसपट म्हणाला. "तुझी काळ्यावर करडी अक्षरं म्हाताऱ्यांना दिसायची कशी? औषधांचं ॲप आहे बाई. चुकीचं बटण म्हणजे चुकीची गोळी."

"देखणं असलं की माणूस आवडीने शिकतो. माझ्या बाबांना विचार. बहात्तर वर्षांचे आहेत."

ती उगाच फुशारकी मारत नव्हती. तिचं डिझाइन आठवडाभर बाबांच्या फोनवर होतं. चहा झाला की बाबा फोन घेऊन जे खिडकीशी बसत, ते आईने आंघोळीसाठी तीनदा हाका मारेपर्यंत. कसं वाटलं विचारलं तर म्हणत, "तुझ्या कामाला नावं ठेवायची माझी काय बिशाद!" लेकीला आणखी काय हवं?

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. बाबांना बोलवायचं आणि तीन कामं सांगायची. जमली तर हिचं डिझाइन घरोघरी जाईल, नाहीतर खुसपटचं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खाणाखुणा नकोत म्हणून साहेबांनी तिला लांब दाराशी उभं केलं. खुसपटने ऑफिसचा फोन बाबांपुढे ठेवला आणि भिंतीवरच्या पडद्याची वायर शोधायला तो टेबलाखाली शिरला.

"सावकाश होऊ द्या काका," तिन्ही कामं सांगून झाल्यावर घड्याळावर नजर ठेवून साहेब म्हणाले.

बाबांनी चष्मा सारखा केला. बोट वर डावीकडे गेलं. "सकाळची गोळी घेतली." मग मधोमध, दोनदा. "संध्याकाळची आठवण लावली." मग खाली कोपऱ्यात. "डॉक्टरांना निरोप. झालं."

"अकरा सेकंद!" साहेबांनी टाळ्याच वाजवल्या. "मला स्वतःला इतक्यात जमत नाही. पोरी, जिंकलीस."

तिचा ऊर भरून आला. बाबांनीही कपाळावरचा घाम पुसला आणि दाराच्या दिशेने हसले.

तेवढ्यात वायर घेऊन खुसपट टेबलाखालून वर आला. "टाळ्या कसल्या?" तो म्हणाला. "थांबा काका, आधी फोन चालू करून देतो."