सात नंबरचा बेड

जुबेर इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबचा वेडा होता. सात नंबरची जर्सी आजवर कुणाकुणाच्या अंगावर होती, कुणी किती गोल मारले, सगळं त्याला तोंडपाठ. शारजातल्या रोल्ला भागात कोकणातले कामगार मिळून राहायचे, त्या खोलीतल्या बेडनाही त्याने तसेच नंबर देऊन टाकले होते. नवा माणूस आला की त्याने बॅग खाली ठेवायच्या आत जुबेर सुरू होई, “हा चार नंबर. आधी दापोलीचा हनीफ, त्याच्याआधी श्रीवर्धनचे मास्तर. आता तू.”

“कशाला रे ही बडबड?” खोलीतला सगळ्यात जुना मुनाफ वैतागायचा. “मुसाफिरखाना आहे हा, क्लब नाही.”

“एकच मॅच खेळलेल्याचंसुद्धा नाव क्लब जपून ठेवतो, मुनाफभाई. आपण तर इथे अख्खी जवानी घालवतो.”

ऐन जूनमध्ये बांधकामाच्या साइटवर परांची कोसळली आणि जुबेरची मय्यत विमानाने गावी गेली. सात नंबरचा बेड त्याचाच होता.

आठवडा व्हायच्या आत कंपनीने त्याच साइटवर, त्याच परांचीच्या कामाला खेडहून नवा माणूस आणला. त्याने सात नंबरवर बॅग टेकवली. गादीत मधोमध पडलेल्या खळग्यावरून हात फिरवत त्याने विचारलं, “भाईजान, इथे आधी कोण होतं?”



“कोणी नाही,” मुनाफ म्हणाला. “तू पहिलाच.”