बोटभर पट्टी

सदुसष्ट साली विमान कारखान्यातले इंजिनिअर देवधर पाटणला आले, तेव्हा वैमानिक आनंदराव विमान कोसळून गेला, त्याला महिना झाला होता. त्याची आई चंद्राबाई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. "का पडलं इमान?" देवधर म्हणाले, "आवाजाच्या वेगाजवळ पंखावर हवेची जबर लाट उठते, तिच्यामागची हवा पंख सोडते आणि विमान थरथरत ताब्यातून सुटतं." खिशातून त्यांनी बोटभर पत्र्याची पट्टी काढली. "अशा पट्ट्या पंखावर बसवल्या, की हवा पंखाला धरून राहते. आता सगळ्या विमानांना बसवल्यात." "माजा आनंदा सांगत व्हता, इमान लय कापतंय. तवा ह्या पट्ट्या नव्हत्या?" "तयार होत्या. पण त्यांनी वेग थोडा कमी होतो, म्हणून कारखान्याच्या साहेबांनी थांबवल्या." "आन् तुमी?" देवधर पट्टी परत खिशात ठेवू लागले. चंद्राबाईनं त्यांच्या हातातली पट्टी हिसकावून घेतली. "ही हितंच ऱ्हाईल. तुमी निघा."